क्लिपमधला मौलाना जहाल आहे का नुसताच कडक, हे ओळखायचं कसं

माझ्या फोनमध्ये दोन ग्रुप आहेत. एक शाळेचा, दहावीची बॅच, त्यात आम्ही मुसलमान तिघंच, आणि दुसरा खानदानचा, त्यात रत्नागिरी, मुंब्रा, कुवेत आणि थेट केपटाऊनपर्यंतची माणसं. मागे एकदा एकच क्लिप एकाच दिवशी दोन्हीकडे येऊन पडली. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, उर्दूत, एक मौलाना हात उडवून काहीतरी बोलतायत. शाळेच्या ग्रुपवर तिच्या डोक्यावर लिहिलेलं, "बघा यांच्या पोटात काय असतं ते." खानदानच्या ग्रुपवर, "सुभानल्लाह, हक की बात." दोन्हीकडे मिळून अंगठे, जोडलेले हात, रागाने लाल झालेले चेहरे सगळं पडलं आणि पूर्ण भाषण एकानेही ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं, एक तास दहा मिनिटं, कूकरच्या शिट्ट्या मोजत. त्या चाळीस सेकंदांत मौलाना दुसऱ्याचं म्हणणं सांगत होते आणि पुढची वीस मिनिटं ते म्हणणं खोडून काढत होते.

तेव्हापासून दोन्हीकडचे लोक मला क्लिपा पाठवून विचारतात, हा कुठल्या टाइपचा आहे रे. मी आलिम म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला माणूस नाही, मदरशाचं तोंड पाहिलेलं नाही, वाचायची खोड आहे इतकंच. पण तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो, कसं ओळखायचं ते.

आधी शब्दाचं बघू. आपल्याला मवाळ आणि जहाल म्हटलं की शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं, गोखले आणि टिळक, १९०७ चं सुरत, जोडे-खुर्च्या वगैरे. आणि मराठी माणसाची छाती जहाल शब्दाला जरा फुगतेच. ते डोक्यातून काढा. एक गोष्ट मात्र सारखी आहे, भांडण पुष्कळदा ध्येयावर नसतं, मार्गावर असतं. मवाळ मौलानालाही नमाज, पडदा, वारसाहक्क सगळं शरियतप्रमाणेच हवं असतं. फरक असा की गोखले हिंदुस्थानी माणूसच नाहीत आणि म्हणून त्यांचं रक्त माफ, असं टिळक कधी म्हणाले नाहीत. इथला जहाल माणूस नेमकं तेच म्हणतो, आणि म्हणतो ते आधी आपल्याच माणसाला.

पहिलं काम, कडक आणि जहाल वेगळे काढा

नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. दाढी लांब, पायजमा घोट्याच्या वर, गाणं हराम, बँकेचं व्याज हराम, बायकांनी ऑफिसात पुरुषांबरोबर काम करू नये असलं काहीतरी बोलतोय, म्हणजे झाला अतिरेकी. नाही हो. तो कडक आहे. तुम्हाला पटणार नाही, मला तर मुळीच पटत नाही, पण कडक असणं आणि जहाल असणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

उत्तर प्रदेशातल्या देवबंदचंच घ्या. तिथला मोठा मदरसा, दारुल उलूम, १८६६ सालचा. त्याच्या वळणाचे ते देवबंदी. २०१० मध्ये बायकांच्या नोकरीवरच्या त्यांच्या मताने पेपरांत केवढा गदारोळ झालेला. त्याच देवबंदने फेब्रुवारी २००८ मध्ये देशभरातले उलेमा, म्हणजे आलिम, बोलावून दहशतवादाचा निषेध केला होता आणि मे महिन्यात दिल्लीच्या रामलीला मैदानावर तसा फतवा, म्हणजे धर्मशास्त्राचं लेखी मत, जाहीर केला. दोन्ही एकाच दुकानातला माल. त्याहून कडक म्हणजे सलफी, इस्लामच्या पहिल्या पिढ्यांसारखंच वागा म्हणणारे, आपल्याकडे अहले हदीस म्हणतात ते त्यांच्या जवळचे. त्यांच्यातले अल्बानी म्हणून मोठे हदीसतज्ज्ञ (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी) होते, १९९९ ला वारले, पेहरावापासून नमाजेत हात कुठे बांधायचे इथपर्यंत त्यांचं कडक, पण राज्यकर्त्याला काफिर ठरवून बंड करायला त्यांचा ठाम विरोध.

आणि उलटही खरं. आपल्याकडे एक लाडकी समजूत आहे की दर्ग्यावर जाणारे, कव्वाली ऐकणारे, चादर चढवणारे ते सगळे मवाळ. जानेवारी २०११ मध्ये पाकिस्तानात पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच बॉडीगार्डने गोळ्या घातल्या, कारण ईशनिंदेच्या कायद्यावर ते टीका करत होते. तो बॉडीगार्ड बरेलवी, म्हणजे दर्गे मानणाऱ्या विचाराचा होता आणि त्याची वाहवा करणाऱ्यांत त्याच विचाराचे मौलवीही होते. आणि अफगाणिस्तानचे तालिबान स्वतःला देवबंदीच म्हणवतात. तेव्हा बोर्डावरचं नाव वाचून निकाल देऊ नका. पंथाचं नाव म्हणजे आडनाव आहे, स्वभाव नाही.

अजून एक, मवाळ म्हणजे सुधारक नाही आणि सुधारक म्हणजे धर्म न मानणारा नाही. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांचं काम मोठंच, पण ते बाहेर उभं राहून बोलत होते, आयत (कुराणातलं वचन) आणि हदीसच्या भाषेत वाद घालणं हा त्यांचा रस्ताच नव्हता. असगर अली इंजिनिअर तसे नव्हते, ते कुराण हातात घेऊनच आपल्या बोहरा समाजाच्या धर्मपीठाशी भांडले. आणि देवबंदचा मुफ्ती, म्हणजे फतवे देणारा आलिम, यांच्यातल्या दोघांनाही आपलं म्हणणार नाही. तिघांना एकाच 'मॉडरेट' टोपलीत टाकलंत तर पुढचं काही कळणार नाही.

मग बघायचं काय? तीन गोष्टी

मी क्लिप ऐकताना तीनच गोष्टींकडे कान लावतो. हा कोणाला मुसलमानांच्या यादीतून काढतोय का. हत्यार उचलायचा हक्क कोणाला देतोय. आणि आपल्याशी न पटणाऱ्या आलिमबद्दल कसं बोलतोय.

पहिल्या गोष्टीला तकफीर म्हणतात, म्हणजे कलमा (इस्लामची कबुली) वाचणाऱ्या माणसाला काफिर जाहीर करणं. हा रोग नवा नाही. इसवी सन ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर चौथे खलिफा हजरत अलींनी लवाद मान्य केला तेव्हा त्यांच्याच फौजेतला एक गट फुटला, घोषणा काय तर हुकूम फक्त अल्लाहचा. अली म्हणाले, शब्द खरा आहे पण त्यातून साधायचंय ते खोटं आहे. त्या गटाला खवारिज म्हणतात, आणि ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने इराकातल्या कूफ्याच्या मशिदीत अलींवर वार केला. आजसुद्धा कुठला मौलाना दुसऱ्याला 'खारजी' म्हणाला की समजायचं, मुसलमानांच्या आपसातल्या शिव्यांमधली ही फार वजनदार शिवी आहे.

परंपरा तकफीरला इतकी घाबरते की काय सांगू. हदीस आहे, बुखारीच्या हदीससंग्रहात, की भावाला काफिर म्हटलंस तर तो शब्द दोघांपैकी एकावर चिकटणारच. दुसरी गोष्ट उसामा बिन जैदची, लढाईत समोरच्याने कलमा म्हटला तरी त्याने मारला, म्हणाला जिवाच्या भीतीने म्हणत होता, तर पैगंबरांनी विचारलं, तू त्याचं काळीज फाडून पाहिलं होतंस का. आणि इमाम गजाली लिहून गेलेत की हजार काफिरांना चुकून जिवंत सोडणं ही चूक एका मुसलमानाचं थोडंसं रक्त चुकून सांडण्यापेक्षा हलकी. (त्या वाक्यात काफिरांच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला खटकलं असेल, मलाही खटकतं, अकराव्या-बाराव्या शतकातला माणूस आहे.) २००५ मध्ये अम्मानला जगभरातले दोनशेच्या आसपास आलिम जमले, सुन्नी शिया इबादी सगळे, त्यांनी जे तीन मुद्दे मान्य केले त्यात आठ मजहब (धर्मशास्त्राच्या परंपरा) मान्य करणं आणि एकमेकांना काफिर न म्हणणं हेच मुख्य होतं.

इथे एक पेच आहे, तो आवडीने सांगतो. २६/११ नंतर मुंबईच्या मुसलमानांनी त्या नऊ जणांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा दिली नाही, असलं काम करणारा मुसलमान असूच शकत नाही म्हणाले. मयतं वर्षभराहून जास्त जेजेच्या शवागारात पडून होती आणि शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप कुठेतरी पुरली. तेव्हा मला फार अभिमान वाटलेला, अजूनही वाटतो. पण शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर 'तो मुसलमानच नाही' ही तलवार तीच आहे, फक्त धरणारा हात चांगला. म्हणूनच डिसेंबर २०१४ मध्ये कैरोच्या अल-अजहर या सुन्नी विद्यापीठाने इसिसचा कडक निषेध केला पण त्यांना काफिर म्हणायला नकार दिला, आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले की हे बघा मवाळपणाचा आव. अजहरचं म्हणणं होतं की तकफीर हेच त्यांचं हत्यार, आपण ते उचललं तर मग फरक काय राहिला. गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी इसिसने जॉर्डनच्या पायलटला पिंजऱ्यात जाळलं तेव्हा त्याच अजहरने कुराणातली सुळी देण्याची, हातपाय तोडण्याची शिक्षा यांना लागू आहे असं निवेदन काढलं. मवाळ हा शब्द वापरताना मी हल्ली जरा दम खातो तो यामुळे.

दुसरी गोष्ट, हत्यार. जुन्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, लढाई पुकारायचा हक्क राज्यकर्त्याचा, गल्लीतल्या कुणाचा नव्हे. क्लिपमधला माणूस 'प्रत्येक तरुणावर आता फर्ज आहे, आईबापाला विचारायची पण गरज नाही' असं म्हणायला लागला की तिथे थांबा, रिवाइंड करा, परत ऐका. इजिप्तमध्ये अब्दुस्सलाम फरज नावाच्या इलेक्ट्रिकच्या माणसाने एक छोटं पुस्तक लिहिलं, जिहाद हे 'विसरलेलं कर्तव्य' आहे, दूरच्या शत्रूआधी जवळचा शत्रू म्हणजे आपलाच राज्यकर्ता. ६ ऑक्टोबर १९८१ ला राष्ट्राध्यक्ष सादात यांना परेडमध्ये मारलं ते याच गटाने. इजिप्तच्या मुफ्तींनी त्या पुस्तकाला मुद्द्याला मुद्दा असं लेखी उत्तर दिलं, म्हणजे शास्त्राचा वाद शास्त्रानेच झाला, पण सादात गेल्यावर.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, आणि हिला फसवणं कठीण. मतभेदाला हा माणूस काय म्हणतो? आमच्या घरचंच उदाहरण. आम्ही कोकणातले शाफई मजहबचे, समुद्रातलं आम्हाला सगळं चालतं, तिसऱ्या, कालवं, माकूल. बहीण दिली जालन्याला, ते हनफी मजहबचे, त्यांना मासा सोडून समुद्रातलं काही चालत नाही, आणि कोलंबी मासा आहे का किडा यावर तर हनफी मुफ्तींमध्येच दोन पार्ट्या. भावोजी आमच्याकडे येतात, एकाच दस्तरखानावर बसतात, माकुलाचं ताट हळूच पुढे सरकवतात, विषय संपला. याला इख्तिलाफ म्हणतात आणि हजार-बाराशे वर्षं तो असाच चाललाय. ज्याला हे सरकवलेलं ताट बघवत नाही, एक बरोबर म्हणजे बाकीचे गुमराह (वाट चुकलेले), मग बिदती (धर्मात नवं घुसडणारे), मग मुशरिक (अल्लाहबरोबर दुसऱ्यालाही पुजणारे) अशी जो शिडी चढत जातो, त्याच्यापासून सांभाळून.

जुन्या पद्धतीचा उर्दू फतवा कधी हातात आला तर शेवटची ओळ आधी बघा. बहुतेक वेळा 'वल्लाहु आलम' असतं, म्हणजे खरं काय ते अल्लाहच जाणे. एवढी पानं लिहून शेवटी मुफ्ती स्वतःच म्हणतो की माझं चुकलेलं असू शकतं. जहाल पीडीएफला ही ओळ परवडत नाही. असली तरी नावापुरती, आतल्या मजकुरात तिचा वासही नसतो.

आयत फेकली की काय करायचं

वरची आणि खालची वाचायची. बास. मराठी भाषांतरं मिळतात, फोनवर फुकट आहेत. सुरह तौबा या कुराणातल्या अध्यायाची पाचवी आयत, 'मुशरिकांना दिसतील तिथे मारा', ही दोन्ही ग्रुपांची आवडती आहे, एकांना भीती दाखवायला आणि दुसऱ्यांना जोश भरायला. चौथीत लिहिलंय की ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी करार मुदतीपर्यंत पाळा, आणि सहावीत लिहिलंय की त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की पाचव्या आयतीने आधीच्या सलोख्याच्या आयती रद्द केल्या असं मानणारे जुने मोठे आलिमही होते, तेव्हा जहाल लोकांनी हे सगळं काल हवेतून आणलं असं नाही.

आणि अर्धं कापायची खोड मवाळांनाही आहे. 'एका निरपराधाला मारणं म्हणजे सगळ्या माणुसकीला मारणं' ही सुरह माइदाची बत्तिसावी आयत प्रत्येक शांती संमेलनात ऐकायला मिळते. पण ती बनी इस्राएलला, म्हणजे यहुद्यांना, उद्देशून सांगितलीय, मध्ये 'खून किंवा जमिनीवर फसाद याखेरीज' असा अपवाद आहे, आणि लगेच तेहतिसावी ही ती सुळीवाली. कुणा हुशार पोराने हे दाखवलं की आपले शांतीवाले काका गप्प. म्हणून अर्धी आयत कुणीही द्यायची नाही, आपणही नाही. २०१४ मध्ये शंभराहून जास्त आलिमांनी इसिसचा प्रमुख बगदादी याला जे उघड पत्र लिहिलं, चोवीस मुद्द्यांचं, त्यात हाही मुद्दा होता की कुराण-हदीसचं बाकीचं सगळं बाजूला ठेवून एकाच आयतीच्या तुकड्यावर फतवा देता येत नाही. पत्रकाराला, मदतकार्याच्या माणसाला मारणं हराम, गुलामी परत आणणं हराम, हेही त्यातच.

मारदीनचा किस्सा तर मी प्रत्येकाला ऐकवतो. मारदीन तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेलगत. सातशे वर्षांपूर्वी तिथे मंगोलांच्या अंकित राज्य होतं आणि लोकांनी इब्न तैमिया या आलिमाला विचारलं, आमचं गाव दारुल इस्लाम (इस्लामची भूमी) का दारुल हर्ब (युद्धाची भूमी). त्यांनी उत्तर दिलं, दोन्ही नाही, मिश्र आहे, तिथल्या मुसलमानाशी त्याच्या लायकीप्रमाणे वागावं आणि शरियतबाहेर जाणाऱ्याशी त्याच्या लायकीप्रमाणे 'वागावं'. अरबीत युआमल. १९०९ च्या छापील आवृत्तीत ते झालं युकातल, 'लढावं'. दोन अक्षरांची छपाईतली चूक. पुढे तेच पान फरजच्या पुस्तकात गेलं, तिथून किती जणांच्या डोक्यात गेलं देव जाणे. मार्च २०१० मध्ये काही आलिम खुद्द मारदीनला जमले आणि जुनं हस्तलिखित समोर ठेवून चूक दाखवून दिली. तोवर शंभर वर्षं गेलेली. आता एका चुकीच्या छपाईने माणूस खुनी होतो असं मी म्हणत नाहीये, ज्याला लढायचंच होतं त्याला लढाईचा शब्द सापडला एवढंच.

औरंगाबादचा माणूस

हे जरा लांबेल, पण भारतातल्या माणसाला हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मौलाना मौदूदींचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ चा, औरंगाबादचा, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दीन म्हणजे नुसती नमाज-रोजा नाही, ती पूर्ण राज्यव्यवस्था आहे, हुकूम अल्लाहचा म्हणजे कायदाही अल्लाहचा. पण हेच मौदूदी १९४८ मध्ये काश्मीरच्या बाबतीत म्हणाले की पाकिस्तान सरकारचे भारताशी करार आहेत, सरकारने उघड युद्ध पुकारलेलं नाही, तेव्हा याला जिहाद म्हणता येत नाही. पाकिस्तानात यावर केवढा आरडाओरडा झाला, तुरुंगातही गेले. गुप्त हत्यारी चळवळ त्यांना नको होती, त्यांचा पक्ष निवडणुका लढवत राहिला. आणि मग १९५३ च्या अहमदी पंथाविरुद्धच्या दंगलींत फाशीची शिक्षा झालेले, नंतर ती रद्द झालेली, तेही हेच. त्या दंगलीच्या चौकशीत न्यायमूर्ती मुनीर यांनी एकेका आलिमाला विचारलं, मुसलमान कुणाला म्हणायचं, आणि १९५४ च्या अहवालात लिहिलं की दोघांची व्याख्या जुळली नाही. तर सांगा, मौदूदी जहाल का मवाळ?

मी हा प्रश्न सोडून दिलाय. मी बघतो की त्यांची पुस्तकं कुठे कुठे जाऊन काय झाली. इजिप्तमध्ये सय्यद कुतुबने हाच विचार घेतला. हा मूळचा साहित्य समीक्षक, अमेरिकेत दोनेक वर्षं काढून आलेला, मग मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेत गेला, इजिप्तचे नेते नासर यांच्यावरच्या हल्ल्यानंतर १९५४ ला पकडला, तुरुंगात छळ झाला, आणि आत बसून लिहिलं की आजचा सगळा समाजच जाहिलियत (इस्लामपूर्वीचं अज्ञान) आहे, मुसलमान म्हणवणारा पण. पुस्तक १९६४ चं, फाशी २९ ऑगस्ट १९६६ ची. मौदूदींच्या विचारात तुरुंगाचा अंधार मिसळला की काय होतं ते बघायचं तर हे पुस्तक. पण त्याच ब्रदरहूडचा प्रमुख हसन हुदैबी, तोही तुरुंगातच, त्याच्या नावावर या विचाराला उत्तर निघालं, १९७७ ला छापून आलं, नाव 'दुआत ला कुदात', आपण प्रचारक आहोत, न्यायाधीश नाही. मला विचाराल तर अख्ख्या विषयाची किल्ली या तीन शब्दांत आहे. मौलाना कितीही कडक असू दे, तो सांगणाऱ्याच्या जागी बसलाय का निकाल देणाऱ्याच्या, तेवढं बघा.

इकडे भारतात जमातची फाळणीनंतर वेगळी संघटना झाली. कित्येक वर्षं त्यांच्या सदस्यांना मतदान करायलाही मनाई होती, पुढे ती उठली, आज ते लोकशाही वाचवा म्हणून सभा घेतात. त्यांच्याच छायेत १९७७ ला अलीगढला विद्यार्थ्यांची सिमी निघाली, ती उलट्या दिशेला गेली, जमातने हात झटकून १९८२ ला दुसरी विद्यार्थी संघटना काढली आणि २००१ ला सरकारने सिमीवर बंदी घातली. आणि तिसरे मौलाना वहीदुद्दीन खान, पंधरा वर्षं जमातमध्ये काढली आणि १९६३ मध्ये 'ताबीर की गलती' लिहून सांगितलं की मौदूदींनी दीनचा अर्थच राजकीय करून टाकला, मूळ गोष्ट माणूस आणि अल्लाह यांच्यातली आहे. पुढे पूर्ण अहिंसेवर गेले. त्याच कपाटातली तीच पुस्तकं, आणि माणसं तीन वाटांना.

तेव्हा कुणाच्या घरात मौदूदींची पुस्तकं दिसली म्हणून पोलिसी नजरेने बघू नका. माझ्या आजोबांकडे पण होती. ते आयुष्यभर शेकापला मत देत राहिले.

काही शब्द कानावर पडले की

जिहाद, शरियत, काफिर, हिजरत हे शब्द ऐकून दचकू नका, शुक्रवारच्या खुतब्यात (प्रवचनात) येतच असतात. दचकायचे शब्द वेगळे आहेत. 'तागूत' हा कुराणातला शब्द, खोटे देव, जुलमी सत्ता अशा अर्थाचा, पण कोर्ट, मतदान, सरकारी शाळा या सगळ्यांना कुणी सरसकट तागूत म्हणायला लागला तर गाडी कुतुबच्या रुळावर आहे. 'मुर्तद' म्हणजे धर्म सोडलेला, हा शब्द जिवंत, नाव घेतलेल्या माणसाला लावला तर गंभीर. आणि 'वाजिबुल कत्ल', मारणं आवश्यक, हे ऐकलं तर मग पुढचं विश्लेषण बंद, हे मत नाही, सुपारी आहे. १९९२ मध्ये इजिप्तचे लेखक फरज फोदा यांना गोळ्या घातल्या त्याआधी त्यांना असंच धर्मद्रोही ठरवलं गेलं होतं.

'सरकारी मौलवी' हाही शब्द येईल. त्यात तथ्य आहे. १९६१ च्या कायद्यापासून अजहर सरकारच्या मुठीत गेलं, आणि पोरांना ते कळतं. सरकारने शांतीचं प्रमाणपत्र दिलेल्या मौलानाचं ऐकून कुणी जहाल मवाळ झाल्याचं मी तरी पाहिलं नाही. वजन पडतं ते स्वतः त्या वाटेने जाऊन परत आलेल्याचं. इजिप्तच्या गामा इस्लामिया या हत्यारी संघटनेच्या तुरुंगातल्या नेत्यांनी जुलै १९९७ मध्ये हिंसा थांबवतोय असं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या त्यांच्याच लोकांनी लक्सरला ६२ माणसं मारली. तरी आतले नेते मागे हटले नाहीत, नंतर पुस्तकं लिहून एकेक जुना मुद्दा खोडला. आणि पदवीवर पण जाऊ नका, अल-कायदाचा जवाहिरी सर्जन होता, फरज इलेक्ट्रिकचा माणूस होता हे खरं, पण बगदादीकडे कुराणाच्या विषयातली डॉक्टरेट होती.

फतव्याची बातमी आली तर

'अमुकविरुद्ध फतवा निघाला' असं टीव्हीवर आलं की आधी विचारा, प्रश्न काय होता. फतवा आपोआप निघत नाही, कुणीतरी लेखी सवाल विचारतो, मुफ्ती तेवढ्याचाच जवाब देतो, आणि पुष्कळदा सवालच खोचक असतो. मुफ्ती म्हणजे काझी, न्यायाधीश, नव्हे. सुप्रीम कोर्टानेही जुलै २०१४ मध्ये सांगितलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, पाळायची सक्ती नाही. तर सवाल-जवाब दोन्ही असलेला कागद मागा, नसेल तर बातमी बाजूला ठेवा.

घरातलंच पोरगं असलं तर

भाचा, जालन्याचाच, अकरावीत असताना मला म्हणाला, मामू, वोट देणं शिर्क आहे ना? म्हणजे अल्लाहच्या हक्कात दुसऱ्याला भागीदार करणं. बहिणीने तिथेच त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं थांब, धपाट्याने पोरगं गप्प होतं, विचार गप्प होत नाही. कुठे ऐकलंस विचारलं, अर्थात क्लिप. त्यातली आयत काढली, माइदाची चव्वेचाळीसावी, अल्लाहने उतरवलेल्याप्रमाणे निवाडा न करणारे काफिर. मग आम्ही दोघांनी बसून त्यावर पैगंबरांचे साथी इब्न अब्बास काय म्हणाले ते शोधलं, की हा इस्लाममधून बाहेर काढणारा कुफ्र नाही, त्याहून खालचा. त्याला म्हटलं, तुझ्या क्लिपवाल्याला हे माहीत नाही, का माहीत असून सांगितलं नाही? दोन्ही वाईटच. मग गावातल्या मुफ्तीसाहेबांकडे नेलं, आधी फोन करून, कारण पोरावर खेकसणारा मुफ्ती निघाला असता तर सगळंच मुसळ केरात. ते बिचारे हसले, म्हणाले बेटा, मी स्वतः दर वेळी मत देतो, तुझ्या हिशोबाने माझ्या मागे नमाज होते का बघ.

हे जमतं ते पोरगं विचारत असतं तोवर. विचारणं बंद झालं, जुने मित्र तोडले, घरच्यांचं जेवण हराम झालं, मशिदीतल्या इमामाच्या मागे उभं राहायचं बंद केलं, तर मामूगिरी पुरत नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतीच्या (तीर्थयात्रेच्या) टूरमधून बगदादला गेले आणि तिथून इसिसमध्ये, घरच्यांना कळलं तेव्हा फार उशीर झालेला. अशा वेळी जमातीतली समजूतदार माणसं, वकील, आणि वेळ आली तर पोलिस, लाज न बाळगता. आणि वाजिबुल कत्लवाली क्लिप आली तर निषेध म्हणूनसुद्धा पुढे ढकलू नका, लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांना द्या.

भाचा आता इंजिनिअरिंगला पुण्यात आहे, मागच्या निवडणुकीत बोटाची शाई दाखवत फोटो टाकला होता. परवा त्याचा मेसेज, मामू, हनफीत माकूल खरंच चालत नाही का, काही तोड निघेल का? मी लिहिलं, आधी सांग प्रश्न कुणाचा आहे, तुझ्या अब्बांचा का तुझ्या पोटाचा.